हात खिशात

संग्रहालयाचा दुसरा मजला, जिन्याला लागून
माझी खुर्ची. समोर हे चित्र.
नऊ वर्षं एकमेकांकडे बघत बसलोय.
त्याला पगार नाही, मला आहे.

पाच माणसं भिंतीला टेकलेली.
मागे वेअर नदी, नदीकाठी अर्धं सोडलेलं जहाज,
खाऊन उरलेल्या माशाच्या काट्यासारखं.
रंग म्हणाल तर राखेचे, भिजल्या पोत्याचे,
दुसऱ्यांदा उकळलेल्या चहाचे.
एकाच्या गळ्यात तेवढा लाल मफलर.

पाटीवर लिहिलंय: संडरलँड, एकोणीसशे तेहतीस.
‘खोल खिशात गेलेले हात
एका पिढीच्या हतबलतेचं प्रतीक होत.’
शाळेची पोरं हे वहीत उतरवून घेतात.

दर गुरुवारी नॉर्मा यायची, काठी टेकत.
लाल मफलरवाला तिचा बाप,
कथबर्ट हेस्लप, गोदीत रिव्हेट ठोकायचा.
पाटी वाचून हसायची ती, कवळी सांभाळत.
प्रतीक कसलं डोंबलाचं!
मिस लेथब्रिजला हात काढताच यायचे नाहीत.
एकदा केळ्यांचा घड झाला, एकदा हातमोजे,
तीनदा काढले, तीनदा सुरीनं खरवडले,
शेवटी म्हणाली, खिशात घाला बघू, मिस्टर हेस्लप.
आणि बाबाच्या खिशांना तळच नव्हता.
सहा दिवस उभा राहिला
स्वतःच्याच गार मांड्या धरून.

दिवसाला दोन शिलिंग.
तीन वर्षांत मिळालेलं पहिलं काम:
बेकार दिसायचं.
पहिल्या सकाळी दाढी घोटून गेला
तर बाई हिरमुसली.
मफलर तिचाच. चित्राला लाल हवा होता.
रोज संध्याकाळी काढून घ्यायची,
शेवटच्या दिवशी विसरली,
तर बाबा स्टेशनपर्यंत धावत गेला परत द्यायला.

मग भत्त्याच्या कचेरीतला साहेब आला घरी.
खुर्च्या मोजल्या, पलंग मोजला,
भिंतीवरच्या घड्याळाला कान लावून पाहिला.
बारा शिलिंग कमावलेत म्हणे?
उभा होतो.
कुठे?
भिंतीपाशी. रोज असतो तिथेच.
मग पैसे कशाचे?
यावर बाबाला काही सुचलं नाही.
बारा शिलिंग भत्त्यातून कापले.
नॉर्मा तेव्हा सात वर्षांची. तिला एवढंच आठवतं,
त्या आठवड्यात आई पावाला मार्गारीन लावायची
आणि त्याच सुरीनं खरवडून पुन्हा डब्यात ठेवायची.

चित्र लंडनला गेलं. नाव झालं.
सोनेरी चौकट घालून गावी परत आलं.
बाबा बघायला आला नाही कधी.
म्हणाला, मी कसा दिसतो ते मला ठाऊक आहे.

एकदा तिनं विचारलं,
काम नसलेल्या माणसाला तुमच्या भाषेत काय म्हणतात?
बेकार, मी म्हटलं.
तिनं दोनदा म्हणून पाहिलं, बे-कार, बे-कार,
तिच्या तोंडी ते एखाद्या गाडीचं नाव वाटलं.
आमच्याकडे चव नसलेल्या आमटीलाही
बेकारच म्हणतात,
ते मात्र मी सांगितलं नाही.

फेब्रुवारीपासून नॉर्मा आलेली नाही.
कुणी कळवलंही नाही. कळवणार कोण, आणि मला का?
गोदीच्या जागी काचेची इमारत आहे,
ऊन असलं की तिची तिरीप इथवर येते,
चित्रातल्या भिंतीवर पाच मिनिटं पडते
आणि त्या माणसांना काही फरक पडत नाही.

एप्रिलपासून मलाही आठवड्याचे तीनच दिवस.
तशी चिठ्ठी सकाळी हातात दिली साहेबानं,
फार वाईट वाटतंय असंही म्हणाला.
घडी करून ठेवलीय. पुन्हा वाचावीशी वाटते,
पण पहाऱ्यावरच्या माणसानं
हात खिशात घालायचे नाहीत, असा नियम आहे.